तिळीचं शीत

भिंतीच्या फटीत एक मुंगी राहायची. तिळाएवढी. नाव तिचं तिळी.

त्या घरात एक यमू होती. तीही लहानच. दुपारी यमू भात खायची. टॅबवर तिला आबा दिसायचे. आबा राहायचे लांब, देवरुखला. ते तिकडून गायचे,

"वाफ गेली उडून,
भात बसला दडून."

यमू हसायची. एक शीत खाली पडायचं. टपकन.

ते शीत तिळीचं.

एका दुपारी शीत पडलंच नाही. तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"यमू, यमू, शीत दे."

"मी नाही जेवत. आबा कुठं आहेत?"

तिळी गेली टॅबकडे. तुरुतुरु तुरुतुरु. टॅबवर एक चकती फिरत होती. गोल गोल गोल.

"टॅबदादा, टॅबदादा, आबा दाखव.
यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही दाखवत. आधी वायफायचा डबा जागा होऊ दे."

तिळी गेली डब्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. डब्याचे दिवे मिटले होते.

"डबेमामा, डबेमामा, जागे व्हा.
टॅब दाखवेना, यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही जागा होत. आधी माझा प्लग बोर्डात बसू दे."

तिळी गेली प्लगकडे. तुरुतुरु तुरुतुरु. प्लग ओट्यावर आडवा पडला होता.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, बोर्डात बस.
डबा जागेना, टॅब दाखवेना, यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही बसत. माझ्या जागेवर मिक्सर बसलाय. आधी त्याला उठू दे."

तिळी गेली मिक्सरकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मिक्सरकाका, मिक्सरकाका, उठा.
प्लग बसेना, डबा जागेना, टॅब दाखवेना, यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही उठत. चटणी राहिलीय. आधी कोथिंबीर येऊ दे."

कोथिंबीर कुठं? टोपलीत नाही. ओट्यावर नाही. आईसुद्धा शोधत होती.

"आत्ता तर इथं होती," आई म्हणाली.

कोथिंबीर होती यमूच्या मुठीत.

"कोथिंबीरबाई, कोथिंबीरबाई, बाहेर निघ.
मिक्सर उठेना, प्लग बसेना, डबा जागेना, टॅब दाखवेना, यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही निघत. आधी मूठ उघडू दे."

"यमू, यमू, मूठ उघड.
कोथिंबीर निघेना, मिक्सर उठेना, प्लग बसेना, डबा जागेना, टॅब दाखवेना, यमू जेवेना, शीत पडेना."

"मी नाही उघडत. आबा कुठं आहेत?"

तिळी थांबली. आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नव्हतं.

तिच्या फटीत एक शीत होतं. कालचं. जपून ठेवलेलं. ती गेली आणि ते घेऊन आली. शीत मोठं, तिळी लहान. थांबत थांबत आली. यमूच्या मुठीवर चढली. गुदुगुदु गुदुगुदु.

"हे घे, यमू. माझं आहे. तुला दिलं."

यमू हसली. मूठ उघडली.

कोथिंबीर निघाली. आईनं उचलली.

"तुझ्याकडे होती होय गं? मी सगळं घर पालथं घातलं."

मिक्सर फिरला. घुर्रर्र घुर्रर्र. चटणी झाली. मिक्सर उठला.

"अगं बाई, डब्याचा प्लग मीच काढला होता," आई म्हणाली.

प्लग बसला. खट्. डबा जागा झाला. लुक लुक लुक. चकती थांबली.

आणि टॅबवर आबा दिसले.

"कधीचा वाट बघतोय, बाळा. जेवलीस का?"

"नाही."

"मग बस हं." आबा गाऊ लागले,

"वाफ गेली उडून,
भात बसला दडून."

यमू जेवली. मग तिनं एक शीत बोटावर घेतलं. पाडलं नाही. हळूच खाली ठेवलं.

"ते कुणाला गं?" आबांनी विचारलं.

"मुंगीला. तिनं मला दिलं होतं."

"असं? मग दोन ठेव. एक तिचं तिला परत. एक आपल्याकडून."

यमूनं दोन ठेवली.

तिळी एकेक शीत घेऊन निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. जाता जाता म्हणाली,

"कोथिंबीरबाई, बरं केलंस.
मिक्सरकाका, बरं केलंत.
प्लगभाऊ, बरं केलंस.
डबेमामा, बरं केलंत.
टॅबदादा, बरं केलंस."

मग ती फटीत शिरली. एक शीत तिनं खाल्लं. एक जपून ठेवलं.

कुणाला लागलं तर असावं.