ओताऱ्याचं मौन

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण ही चूक लहान मुलं करत नाहीत.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी देवळांच्या घंटा ओतणाऱ्या ओताऱ्यांचं गाव होतं. तिथे एक ओतारी आणि त्याची बायको राहत. घंटा तो ओतायचा, पण पसंत करायची ती बायको. साचा फोडला, की ती घंटेवर हलकेच टोला द्यायची, डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "चांगली उतरली." नाहीतर, "पुन्हा वितळवा." तिच्या कानापुढे कुणाचं काही चालत नसे.

त्या गावाची एक रीत होती. रसरसलेला धातू साच्यात ओतला, की तो पुरता थंड होईपर्यंत घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. बोललं तर धातूत हवा शिरते आणि घंटेला चीर जाते, असं त्यांचे वाडवडील सांगत. खरं-खोटं त्या धातूलाच ठाऊक. रीत मात्र सगळे पाळत.

म्हातारपणी बायको विसरू लागली. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणींची नावं, मग नदीवरून घरी यायची वाट. एका सकाळी तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि घाबरून भिंतीला टेकली.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिचा चेहरा लगेच निवळला. "तुम्ही होय? मला वाटलं, कोण परका शिरलाय घरात."

नवऱ्याचा चेहरा ती विसरली होती. आवाज तेवढा राहिला होता.

ओताऱ्याने वैद्याचं घर गाठलं. हा वैद्य खरं बोलायचा, म्हणून त्याच्या दारात गर्दी नसे.

"ब्राह्मी देतो," वैद्य म्हणाला. "मानवली तर झोप लागेल, जीव थोडा शांत राहील. पण गेलेली आठवण परत आणणारी मुळी अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. तू तिच्याशी बोलत राहा. आवाज ओळखतेय तोवर तरी ती एकटी पडणार नाही."

"बोलून कधी कुणी बरं झालंय का?" ओतारी म्हणाला आणि ब्राह्मी न घेताच उठला. त्याला राग आला होता, आणि त्या रागाखाली भीती होती. आपली बायको आपल्यादेखत नाहीशी होत असताना कुणाला नाही वाटणार?

बाजारात त्याला हवं ते सांगणारे पुष्कळ भेटले. एकाने शंखपुष्पी दिली, दुसऱ्याने मालकांगोणीचं तेल, तिसऱ्याने कसलीशी काळी मुळी. हमखास गुण येणार, असं तिघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं. ओताऱ्याने सगळं तुपात घोटून चाटण केलं आणि मोठी बरणी भरून ठेवली.

"हे औषध अंगात बसायला वेळ लागतो," काळी मुळी विकणारा म्हणाला होता. "घाई करू नका."

आणि इथे ओताऱ्यातला ओतारी जागा झाला. बसायला वेळ लागणारी वस्तू कशी सांभाळायची, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसापासून त्याने घरात बोलणं बंद केलं. शेजारणींना हाताच्या खुणेनेच परत पाठवलं. भट्टी विझवली. बायकोच्या डोक्यात आठवणी घट्ट बसेपर्यंत घरात शब्दसुद्धा होऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

"अहो, आहात का?" ती विचारायची.

तो समोरच उभा असायचा. ओठांवर बोट ठेवायचा आणि चाटणाचा चमचा पुढे करायचा. ती त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहत मुकाट चाटण घ्यायची आणि मग दाराकडे तोंड करून पुन्हा हाका मारायची. ओ द्यायला त्याचं तोंड उघडायचं. पण चीर जाईल या भीतीने तो ते मिटून घ्यायचा.

हळूहळू तिच्या हाका कमी झाल्या. मग थांबल्या. ओताऱ्याला वाटलं, औषध लागू पडलं, शांत झाली. हे सांगताना मला त्याची चीड येते आणि कीवही येते.

बरणी रिकामी झाली त्या दिवशी त्याने अंघोळ केली आणि धुतलेलं धोतर नेसून तो तिच्यापुढे बसला.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिने डोक्यावरून पदर घेतला. "आमचे हे घरी नाहीत, पाहुणे," ती अदबीने म्हणाली. "कुठं गेलेत, सांगून गेले नाहीत. तुम्ही मागाहून या."

"अगं, मीच तो. नीट ऐक. माझा आवाज ओळख."

तिने डोळे मिटून नीट ऐकलं. मग मान हलवली.

"ते घरात असते, तर मी इतक्या हाका मारल्यावर बोलले असते."

ओतारी वैद्याच्या पायावर जाऊन पडला. वैद्याने त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं. द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर ओतारी दिवसभर तिच्याशी बोलत राही. लग्नातलं, भट्टीवरचं, हसण्यासारखं, रडण्यासारखं, सगळं. पाहुण्याचं ऐकावं तसं ती ऐकून घेई. आणि दिवस कलला, की रोज विचारी, "पाहुणे, तुमची घरी कुणी वाट पाहत नाही का?"

ती वारली त्या दिवसापर्यंत ती हेच विचारत राहिली, आणि तो बोलत राहिला.

तात्पर्य: हरवलेलं परत आणण्याच्या हट्टापायी, माणसाजवळ जे अजून उरलं आहे ते त्याच्यापासून हिरावून घेऊ नये.