पाठीवरचा हात

नदीकाठच्या एका गावात हैबती भोई पोरांना पोहायला शिकवी. शाळा पलीकडच्या तीरावर होती. पोहता येत नाही त्याला नावेत घ्यायचं नाही, असा पंचांचा नियम. म्हणजे पोरांची शाळा हैबतीच्या हाती. त्याची रीत एकच. दोन दिवस पाठीला सुका भोपळा बांधायचा, तिसऱ्या दिवशी सोडायचा आणि पायरीवरून विहिरीत ढकलायचं. चाळीस वर्षांत एकही पोर बुडालं नव्हतं. त्याचा त्याला ताठा होता.

त्या साली सगुणा नावाची पोरगी अडून बसली. चौथा दिवस उजाडला तरी पायरी सोडीना. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. काठावर माणसं जमली. तिचा चुलता वरून म्हणाला, "म्हातारबा, हात थकला का? ढकला की."

हैबतीला ते झोंबलं. त्याने भोपळा सोडला, तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ होती. खाली पाणी काळंभोर. सगुणा रडली नाही. तिने फक्त डावा कान तळहाताने गच्च दाबला.

भ्यालेलं पोर डोळे मिटतं, कान दाबत नाही. हैबतीचा हात थबकला. त्याने माणसांना घरी पिटाळलं, तिच्याशेजारी बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय होतंय, बाय?"

ती हळू आवाजात बोलली. कान फुटला होता. पाणी शिरलं की गरगरायचं, वरखाली कळेनासं व्हायचं. "घरी कळलं तर शाळा सुटंल, आजा."

हैबतीने खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. ढकलली असती तर ती तळाकडेच गेली असती.

तिला विचारून त्याने फक्त तिच्या आईला सांगितलं. कानात तेलाचा बोळा बसवला. पुन्हा भोपळा बांधून नदीच्या संथ पाण्यात, डोकं वर ठेवून हात मारायला शिकवलं. शाळेची नाव रोज तिला काठावरच ठेवून जाई. चुलता टोमणे मारी. हैबती तिला एवढंच म्हणे, "भोपळा कधी सोडायचा, ते तू ठरव."

बाराव्या दिवशी भर पाण्यात तिने स्वतः गाठ सोडली. भोपळा वाहत गेला. हैबतीचा हात पुढे झाला. त्याने तो मागे घेतला. सगुणा डोकं वर ठेवून घाटाच्या पायरीला लागली.

चुलत्याने विचारलं, "असं काय केलंत?"

"विचारलं," हैबती म्हणाला.

तात्पर्य: शिकणाऱ्याची अडचण ऐकल्याशिवाय त्याला वाट दाखवू नये, आणि वाट दाखवली, की पाऊल त्याचं त्यालाच टाकू द्यावं.