तुऱ्याचा नारळ

“...आणि माणूस चांगला, पण निशाणी दुसऱ्याची, असं असलं तर काय करायचं बुवा?”

भागोजीबुवा पडवीत बसून ढोलकीच्या वाद्या ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाव घे. कुणाचं म्हणतोस?”

“सुगंधाताईचं.”

बुवांनी आणखी एक वादी ओढली.

“पऱ्यावरचा साकव बांधून आणला, तीच ना?”

“तीच. वाडीतल्या बायका घेऊन तालुक्याला इतक्या खेपा घातल्या, की सायबच कंटाळला. आता पावसाळ्यात ओढा भरला तरी पोरं शाळेत जातात, ती त्या पुलावरनंच.”

“आणि आपल्या पक्षानं कुणाला उभा केलाय?”

“बाबूशेठला.”

“कसा हाय बाबूशेठ?”

“...आपला हाय.”

“कसा हाय, असं इचारलं.”

“...आपलाच हाय, बुवा.”

बुवांनी ढोलकीवर एक थाप मारून पाहिली. आवाज अजून बसका होता.

दत्ताराम हा बुवांचा पट्टशिष्य. आवाज मोकळा, पाठांतर चोख, उभं राहणं ऐटीत. हे सगळं त्याला ठाऊकही होतं, आणि कुणी विसरलं तर तो आठवण करून द्यायचा. त्याच्या घराला वाडीत मान होता. निवडणूक आली की कुठल्या निशाणीवर बोट ठेवायचं, ते त्याच्या घरातून सांगितलं जायचं. आज्यानं सांगितलं, बापानं सांगितलं. बाप गेला, आता सांगायची पाळी दत्तारामची होती. मतदान दोन दिवसांवर आलं होतं आणि आज दिवेलागणीला वाडी त्याच्या अंगणात जमणार होती.

“ताईला द्या म्हणून सांगितलं, तर बापाच्या फोटोकडं बघायचं कसं?” तो म्हणाला. “शेठला द्या म्हणून सांगितलं, तर त्या साकवावरनं चालायचं कसं? झोप नाय लागत बुवा.”

“बायको काय म्हणते?”

“तिला नाय इचारलं.”

“बरं केलंस. तिनं सांगितलं असतं.”

दत्ताराम ओशाळून हसला. मग पुन्हा गंभीर झाला.

“पक्ष बघायचा का माणूस? एक काय ते सांगा. तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाय.”

बुवांनी ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली.

“आधी बारी,” ते म्हणाले.

बारी ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या भागात बारी म्हणजे दोन शाहिरांचा सामना. एक बाजू तुरेवाल्यांची. त्यांच्या मते शिव मोठा. दुसरी शक्तीवाल्यांची. त्यांच्या मते देवी मोठी. एकानं गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. मागे झीलकरी ओळ उचलून धरतात, पुढे पोरं पायात चाळ बांधून गोल नाचतात. शिव मोठा की शक्ती, हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही, आणि कधी ठरू नये अशीच दोन्ही बाजूंची मनातून इच्छा असते.

माणूस इथं तुरेवाला म्हणून जन्माला येतो किंवा शक्तीवाला म्हणून. सोयरीक जुळवतानासुद्धा ते हळूच विचारलं जातं.

देवीच्या जत्रेतली बारी दुपारी उभी राहायची. ती संपली की ज्यानं सरस गायलं त्याला मानाचा नारळ मिळायचा. तो द्यायचा अधिकार गावातल्या सगळ्यांत वयस्क शाहिराचा, म्हणजे भागोजीबुवांचा. हा नारळ शक्तीवाल्यांकडे गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

यंदा तुऱ्याकडून दत्ताराम उभा होता. सकाळी निघतानाच तो बायकोला सांगून आला होता, आज नारळ फोडू नकोस, एक येतोय.

शक्तीकडून दर्शना उभी राहिली. पलीकडच्या वाडीतली, कॉलेज नुकतंच संपलेली पोरगी. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, कपाळाला आडवं कुंकू. तुरेवाल्यांच्या बाजूनं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं, “आता पोरी धाडायला लागले.”

सभामंडपात डावीकडे तुरेवाले बसले, उजवीकडे शक्तीवाले. बुवा नेहमीप्रमाणे डावीकडे, खांबाला टेकून.

गण झाला. गवळण झाली. दत्ताराम जोरात होता. त्यानं झांज खणकवली, दर्शनाकडं तिरकं पाहिलं आणि सवाल टाकला,

शिवावाचून शक्तीला या ठाव नाही संसारी,
सांग शाहीरणी, लग्नाआधी होतीस कुणाच्या दारी?

डावी बाजू उसळली. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी टोपी उडवली, ती देवीच्या समईजवळ जाऊन पडली आणि पुजारी ओरडला. सवाल खरोखरच चांगला होता.

दर्शना थांबली.

...

डावी बाजू हसू लागली. पोरीला सुचत नाही, असं सगळ्यांना वाटलं.

मग तिनं डफावर बोटं फिरवली आणि अगदी सावकाश, घरात कुणाशी बोलावं तसा जवाब दिला,

घर नव्हतं रे, दार नव्हतं, नव्हती भिंत-ओसरी,
शिव बसाया आला तेव्हा मीच सारवली भुई सारी!

मग उजवी बाजू उठली. झीलकऱ्यांनी ओळ उचलली, “सारवली भुई सारी गं बाय, सारवली भुई सारी!” पोरांचे चाळ घुमले. डावीकडच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आयुष्यभर भुई सारवलेल्या बाया त्या, त्यांना तो जवाब थेट पोचला होता. ढोलकी चढत गेली. “सारवली भुई सारी!”

आणि तेवढ्यात मंडपातल्या प्रत्येकाच्या ध्यानात एक गोष्ट आली.

झील धरणाऱ्यांत एक आवाज जास्त होता. मोकळा, ओळखीचा आणि सगळ्यांत वर.

दत्ताराम गात होता.

डोळे मिटलेले, झांज वर धरलेली, मान डोलते आहे. “सारवली भुई सारी गं बाय...” तुऱ्याचा शाहीर भर बारीत शक्तीची झील धरून उभा!

शक्तीचे झीलकरी एकेक करून थांबले. ढोलकी थांबली. दत्ताराम एकटाच आणखी अर्धी ओळ गायला, मग त्यानं डोळे उघडले.

असं हसू त्या मंडपात पूर्वी कधी झालं नसेल. डावे हसले, उजवे हसले, पुजारी हसला. नाचणारी पोरं खाली बसली. दर्शनानं हसता हसता डफ खाली ठेवला आणि त्याला वाकून नमस्कार केला.

दत्ताराम कानापर्यंत लाल झाला. पुढचे सवाल त्यानं घातले, जवाबही दिले, पण बारी कुठं गेली होती ते सगळ्यांना कळलं होतं. त्यालाही.

शेवटी बुवा उठले. हातात नारळ. चार पावलं चालून ते मंडपाच्या मधोमध आले. दत्तारामनं सवयीनं उपरणं सारखं केलं.

बुवा उजवीकडे वळले.

“घे बाय,” ते दर्शनाला म्हणाले. “झकास गायलीस.”

दर्शना गोंधळली. तिनं नारळ घ्यायच्या आधी बुवांच्या पायांना हात लावला.

“बुवा, आमी शक्तीवाले...”

“मला दिसतं अजून,” बुवा म्हणाले.

आणि वळून पुन्हा डावीकडे, आपल्या खांबाला टेकून बसले.

देवळामागे फणसाखाली दत्तारामनं त्यांना गाठलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“बुवा, तुमी तुरेवाले ना?”

“हाय की.”

“मी तुमचा चेला ना?”

“म्हणजे काय.”

“मंग नारळ तिला?”

“तू तिची झील का धरलीस?”

“...चुकून.”

“सुरात होतास.”

बुवांनी कनवटीची पानाची चंची काढली, अर्धं पान त्याला दिलं. दोघांनी पान खाल्लं. समोर जत्रेतली पोरं पिपाण्या वाजवत होती आणि पाळणा गरगरत होता.

“खरं सांगू बुवा?” दत्ताराम म्हणाला. “जवाब ऐकला आणि काळजात लक्कन हललं. कुणाचा, कुठला, काय सुचलंच नाय. नुसतं बरं वाटलं. डोळे उघडले तेव्हा लाज वाटली. पण गात होतो तोवर... इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.”

“मला पण,” बुवा म्हणाले.

“तुमाला पण?”

“माझी तर जीभ दाताखाली धरलेली. वय झालं म्हणून वाचलो.”

दत्ताराम हसला. बुवाही हसले. हसता हसता दत्ताराम एकदम थांबला. त्याचा चेहरा उजळला.

“कळलं बुवा! मत माणसाला द्यायचं. पक्ष बघायचाच नाय. असंच ना?”

“दर्शना एकटी गायली काय?”

“...नाय. मागं झील होती.”

“कुणाची?”

“शक्तीची.”

“ढोलकी?”

“त्यांचीच.”

“तो जवाब तिला सुचला, पण तिला घडवली कुणी? उद्या सांगितलं, बाय, तुऱ्याचं गा. गाईल?”

“मेली तरी नाय गाणार.”

“मंग एकटी पोरगी बघून कसं चालंल?”

दत्तारामचा चेहरा पडला.

“म्हणजे... पक्षच बघायचा?”

बुवा इतके हसले की पान ठसकलं. दत्तारामनं त्यांची पाठ चोळली. ठसका बसल्यावर त्यांनी डोळे पुसले.

“आज बारीला आपली वाडी आली होती?”

“सगळी.”

“तू झील धरलीस तेव्हा हसली?”

“पोट धरधरून.”

“आणि तिच्या जवाबाला?”

“त्याच्या आधीच. माझी म्हातारी चुलती तर टाळ्या वाजवत होती. जल्माची तुरेवाली ती.”

“त्यांना कुणी सांगितलं होतं, आता हसा, आता टाळ्या वाजवा?”

“...कुणी नाय.”

“तू सांगितलंस?”

“मी कसा सांगणार? मी तर...”

दत्तारामनं वाडीच्या वाटेकडं पाहिलं.

...

देवळात आरतीची घंटा सुरू झाली. डोंगरामागे ऊन उतरत होतं. वाडीची माणसं जत्रेतून हळूहळू घराकडे निघाली होती. साकवावरून जाताना त्यांचं बोलणं इथवर ऐकू येत होतं. कुणीतरी मोठ्यानं गाऊन दाखवलं, “सारवली भुई सारी!” आणि पुन्हा हसण्याची लाट उठली.

“अंगणात येऊन बसतील सगळे,” दत्ताराम हळूच म्हणाला. “म्हणतील, निशाणी सांग.”

“म्हणतील.”

“मी म्हणेन, आवंदा आमच्या घरातनं निशाणी नाय. चहा हाय. दोघांनी काय केलं, कोण कुणाबरोबर उभं हाय, ते बसून बोला आणि ज्याचं त्यानं ठरवा.”

“चहात आलं टाक.”

“हसतील मला.”

“आज सवय झालीय तुला.”

दत्तारामला पुन्हा हसू फुटलं. कित्येक दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. तो उभा राहिला, धोतर झटकलं, दोन पावलं गेला आणि परत आला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. मग वाकून बुवांच्या कानाशी म्हणाला,

“मी माझं मत ताईला देणार.”

“मला कशाला सांगतोस? गुपित असतंय ते.”

“पण मी पक्ष सोडणार नाय हां बुवा. बापाचा पक्ष हाय. मरेपर्यंत तिथंच.”

“नको सोडू. मी सोडला तुरा?”

“नाय.”

“उद्या सकाळी तालमीला ये. तिसऱ्या सवालाला तुझा ताल घसरला.”

“येतो.”

दत्ताराम निघाला. आता त्याची चाल हलकी होती. पण फणसाच्या पुढे जाऊन तो पुन्हा थांबला. त्याला शेवटची शंका आली होती, आणि शंका घेऊन घरी जाणारा तो गडी नव्हे.

“बुवा!”

“आता काय?”

“समजा, ताई आली निवडून. मत माझं, पण पक्ष तिचा दुसरा. मंग मी तिच्याशी वागायचं कसं? आपली म्हणून का परकी म्हणून?”

बुवा काठी टेकत उठले. त्यांनी पान थुंकलं, डोळे बारीक केले आणि तुऱ्याचा जुना शाहीर पुन्हा बारीत उभा राहिल्यासारखे मिश्कील हसले.

“आज दर्शनाला घातलास, त्याहून अवघड सवाल ताईला घालायचा.”