सैल दोर

एकदा एक शिष्य पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या भेटीला गावी आला. सुहास त्याचे नाव. आता तो साधासुधा शिष्य राहिला नव्हता. त्याची शिकवणी वर्गांची कंपनी होती, शहरोशहरी शाखा होत्या. देवाने भरभरून दिले होते. पण भागीदारांचे पोट कधी भरते का?

गुरुजी घरी नव्हते, गावाबाहेरच्या विहिरीवर होते. गणित शिकवण्यातून निवृत्त झाले, तरी पोरांना पोहायला शिकवण्याचे व्रत त्यांनी सोडले नव्हते. खालच्या पायरीवर ते दोर धरून बसले होते. दोराचे दुसरे टोक पाण्यातल्या मुक्ता नावाच्या मुलीच्या कमरेला होते आणि तिच्या पाठीवर सुका भोपळा बांधलेला होता.

सुहास त्यांच्याजवळ टेकला आणि मनातले बोलू लागला. "गुरुजी, शंभर रुपये फी आली, की शिक्षकांचे पगार आणि शिकवण्याचा खर्च जाऊन माझ्याकडे चाळीस उरतात. याला ढोबळ नफा म्हणतात. सल्लागार म्हणतात, खर्च छाटला तर पन्नास उरतील. वर्ग सुटल्यावर प्रत्येक शाखेत मी शंका सोडवायला शिक्षक बसवतो. बहुतेक दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. नुसते बसून पगार! त्यांना निरोप देण्याच्या कागदावर उद्या सही करायची आहे, पण हात धजावत नाही."

"दोर बघ," गुरुजी एवढेच म्हणाले.

सुहासने पाहिले. दोर पाण्यावर सैल लोळत होता. भोपळा मुलीला तरंगत ठेवत होता आणि हातपाय तिचे ती मारत होती.

"याचा काही उपयोग दिसतो?"

"खरं सांगू? नाही दिसत."

"मग ठेवू या खाली." गुरुजींनी दोर पायरीवर ठेवून दिला.

मुक्ताने सवयीने मागे वळून पाहिले आणि तिचे तोंड एवढेसे झाले. भोपळा होता तिथेच होता, तरी ती धडपडत काठाला आली आणि तिने दगड घट्ट धरला.

"गुरुजी, दोर का सोडला? धरा की! न्हाईतर मी न्हाई जायची."

गुरुजींनी हसून दोर उचलला. पोरगी पुन्हा मधल्या पाण्यात गेली.

"सुहास, नफा वाईट नाही रे. विहिरीत पाणीच नसेल, तर पोहायला शिकवायचे कुठे? पण हा दोर ओढावा लागत नाही म्हणून तो फुकट आहे, असे समजू नकोस. तो धरलेला आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती काठ सोडते. अडलो तर मागे कोणीतरी बसले आहे, या भरवशावरच तुझी पोरेही अवघड गणिताला हात घालतात. तो शिक्षक उठला, की पोरे काठ धरतील. आणि काठ धरून बसलेली पोरे तुझ्याकडे किती दिवस फी भरतील?"

सुहासने पाण्याकडे पाहिले. तोही याच विहिरीत पोहायला शिकला होता.

"गुरुजी, माझा दोर तुम्हाला कितीदा ओढावा लागला?"

"एकदाही नाही."

"आणि तुम्ही रोज येत होतात?"

"रोज. तू मागे वळून बघायचास ना."

मी आपला आपण पोहायला शिकलो, असे सुहास आजवर अभिमानाने सांगत आला होता. त्याने वाकून गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले. त्या कागदावर सही होणार नव्हती. भागीदारांनी चाळिसांतच समाधान मानावे.

"आज थोडा वेळ मी धरू?" त्याने विचारले.

गुरुजींनी दोर त्याच्या हाती दिला. दोर सैलच होता. सुहासने तो दोन्ही हातांनी धरला.