चीवरांची ठेव

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराच्या कड्यात कोरलेला विहार होता. तिथले भिक्खू पैशाला शिवत नसत. पैशाचं नाव जरी निघालं तरी कानावर हात ठेवत. ते जरा अतीच होतं म्हणा.

खालच्या गावातल्या एका तेलाच्या व्यापाऱ्यानं विणकरांच्या पेढीवर हजार नाणी ठेवली होती. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी भिक्खूंना चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, द्यायची.

चीवरांचं काम नंदिसेन भिक्खूकडे होतं. माणूस मोठा भिडस्त. विणकर दरवर्षी विचारत, "भंते, यंदा किती पाठवू?" हा लाजून म्हणे, "तुम्हांला योग्य वाटेल तेवढी." यांना थोडंच लागत असेल, असं समजून ते चार पाठवत. वीस भिक्खू ठिगळावर ठिगळ लावत आणि नंदिसेन त्यालाच वैराग्य म्हणे.

गावात एक म्हातारा कुंभार होता. बायको गेल्यापासून त्याला एकच आस होती, मरण्याआधी भिक्खू व्हायचं. पण चीवराशिवाय दीक्षा नाही, आणि चीवर कधी उरत नसे. नंदिसेनानं त्याला तीनदा परत पाठवलं. चौथ्या वर्षी तो काठी टेकत, धापा टाकत आला. पुढच्या वर्षी त्याला डोंगर चढवणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

"भंते, त्या ठेवीचं व्याज किती होतं, कधी विचारलंत का?"

"छे, छे. तो लोभ झाला."

कुंभार हसला. "कुणी मडकं राखायला दिलं, तर त्यातलं पाणी मी पीत नाही. पण ते गळतंय का, हे रोज बघतो."

नंदिसेन ओशाळला. तो पेढीवर गेला आणि मान खाली घालून त्यानं व्याज किती होतं ते विचारलं.

पेढीचा प्रमुख आनंदानं उठलाच. "भंते, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंत. तुम्ही न घेतलेलं व्याज आम्ही मुद्दलात घालत आलो. आता वर्षाला चाळीस चीवरं निघतात."

नंदिसेनाला आपल्या खांद्यावरची सात ठिगळं आठवली आणि तो डोळ्यांत पाणी येईतो हसला.

पौर्णिमेला कुंभाराला दीक्षा मिळाली. नव्या चीवराला रंगाचा वास होता आणि म्हातारा ते सारखं हुंगत होता. नंदिसेन पुढे दरवर्षी पेढीवर जाई. नाण्याला शिवत नसे, पण हिशेब पुरता ऐके आणि कळलं नाही तर दोनदा विचारी.

तात्पर्य, लहानांनो आणि थोरांनो: लोभ सोडावा, हिशेब सोडू नये.