काल्यातल्या लाह्या

“...मग जे नामाने टळणार नाही ते सुईने टळेल, असे मानणे हा नामाचा अपमान नव्हे काय, महाराज?”

सप्ताहाची सांगता नुकतीच झाली होती. प्रश्न विचारणारे पद्माकरबुवा मठाचे कीर्तनकार. काल्याचे कीर्तन त्यांचेच होते. गळ्यातला हार अजून उतरला नव्हता.

मठाधिपती मुकुंदबाबा ओसरीलगतच्या सभामंडपात बसून द्रोणातला काला हळूहळू खात होते.

वरच्या आळीत गोवर आला होता. एक मूल तालुक्याच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते. लस घेऊन आलेल्या नर्स शेवंताताई सकाळपासून मठाच्या ओसरीवर बसून होत्या. समोर चिंचेखाली लेकुरवाळ्या बायका उभ्या. पण ओसरी कोणी चढेना.

“बुवांचं लेकरू आधी,” त्यांतली एक म्हणाली, “मग आमचं.”

“या लसीच्या पेटीतला बर्फ काही बुवांचा शिष्य नाही,” शेवंताताई ओसरीवरून म्हणाल्या. “तो थांबायचा नाही.”

बाबा हसले. मग बुवांकडे वळले.

“पद्माकरा, तुझे मूल रांगत नदीच्या काठाशी गेले, तर तू काय करशील?”

“धावत जाऊन उचलीन.”

“तेव्हा मुखात काय असेल?”

“नाम, महाराज.”

“त्या वेळी कोणाचा अपमान होतो?”

बुवांनी गळ्यातला हार सावरला. हार मानणारा तो गळा नव्हता.

“नदी डोळ्यांना दिसते, महाराज. माझ्या घरी माळ आहे, तुळस आहे, त्रिकाळ आरती आहे. बाहेरचे अन्न उंबरठा ओलांडत नाही. तेथे गोवर कोठून शिरेल?”

बाबांनी द्रोण पुढे केला.

“काल्याला तुझ्या घरून काय आले होते?”

“लाह्या. पत्नीने स्वतः भाजलेल्या.”

“यातल्या तुझ्या घरच्या तेवढ्या वेगळ्या काढ.”

“महाराज, काल्यात आपपर नसते. आत्ताच मी त्यावर निरूपण केले...”

“उत्तम केलेस. आम्ही ऐकले. आता काढ.”

बुवांनी दोन बोटे दह्यात घातली. एक लाही उचलली, न्याहाळली. दुसरी उचलली...

बोटांवरून दही ओघळत राहिले.

“निघत नाहीत.”

“मांडवात सारा गाव सप्ताहभर तुझ्यासमोर बसला. वरची आळीही बसली. आता त्यांचा श्वास आणि तुझ्या मुलाचा श्वास वेगळा काढ.”

बुवांनी मान खाली घातली. बोटांवरचे दही उपरण्याला पुसले.

“नवसाचे मूल आहे, महाराज,” ते म्हणाले. आणि हा आवाज कीर्तनातला नव्हता. “त्याच्या अंगात सुई जाताना मला पाहवणार नाही. नंतर तापही येतो म्हणतात...”

“मग हे सांगायचे होतेस. नामाला पुढे का केलेस?”

बाबांनी ओसरीकडे पाहिले.

“शेवंताबाई,” त्यांनी विचारले, “ताप येतो का?”

“कोणाकोणाला येतो, महाराज. दोन-तीन दिवस असतो, उतरतो. चढला तर मला बोलवायचं. गोवराचा ताप मात्र पोराला घेऊनच जाऊ शकतो.”

“ऐकलेस? जा. घेऊन ये त्याला.”

बुवा उठले. आतून पत्नीकडून मुलाला घेऊन आले. मूल दहा महिन्यांचे, अंगात झबले, गालावर तीट. बाबांनी ते आपल्या मांडीवर घेतले आणि उजवा दंड उघडा केला.

“डोळे मिट, पद्माकरा. लाजू नकोस. आई-बापांनी घाबरावे, फक्त घाबरून दार लावू नये.”

शेवंताताईंनी लस टोचली.

मूल आधी चकित झाले. मग त्याने असा टाहो फोडला की सभामंडपातली कबुतरे उडाली. चिंचेखालच्या बायकांचे बोलणे थांबले. एकीने कडेवरचे मूल सावरले आणि ओसरीकडे पहिले पाऊल टाकले. तिच्यामागे दुसरी निघाली.

बुवांना त्यातले काही दिसले नाही. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“महाराज... फार रडतो आहे. शांत करू का त्याला?”

“रडू दे,” बाबा म्हणाले. “आज कीर्तन त्याचे आहे. तू मागे टाळ धर.”