ठिपकीची घंटा

जनावरं माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची ही गोष्ट. माळावरच्या एका कळपात ठिपकी नावाची शेळी होती. ती सारखी कळप सोडून हुंदडायची, म्हणून धनगराने तिच्या गळ्यात घंटा बांधली. बाईसाहेब तेव्हा गाढ झोपेत होत्या.

ठिपकी उठली आणि खण्ण! ती दचकली, तर पुन्हा खण्ण! मग जी सुटली ती ओढ्यातून, चिखलातून, काट्याकुट्यांतून. जितकी जोरात पळे, तितका तो आवाज जोरात मानेशी येई.

वाटेत म्हातारी मेंढी आडवी आली. "अगं, कोण लागलंय मागे?"

"दिसत नाही, पण पाठही सोडत नाही गं आजी!"

"मग उभी राहा. बघू तरी कोण येतंय."

"आणि खाल्लं तर?"

"आधी मला खाईल. या गुडघ्यांनी मला कुठं पळवतंय?"

ठिपकी थरथरत उभी राहिली. घंटा बारीक किणकिणत होती. धाप ओसरली, तशी घंटाही गप्प झाली. ठिपकीने हळूच मान हलवली. खण्ण.

"अगंबाई, ही तर मीच!"

तेव्हापासून घंटा वाजली, की ती थांबून स्वतःलाच विचारी, "मीच ना?" आणि पुन्हा चरायला लागे. बाकीच्या शेळ्या खिदळत.

एका संध्याकाळी बोरीच्या जाळीमागे सळसळ झाली. ठिपकी दचकली, घंटा वाजली. ठिपकी थांबली, घंटा थांबली. सळसळ मात्र थांबली नाही.

"आजी, ही मी नव्हे!" असं ओरडून तिने घंटा अशी दणादण वाजवली, की धनगराची कुत्री धावत आली आणि पळायची पाळी लांडग्यावर आली.